चित्रांतले हात

(गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आम्ही कांहीं व्याख्यान देणारे नव्हे. आमचा धंदा रंगाचा. दुकानाच्या पाट्या लिहाव्या, देवळाच्या भिंतीवर गरुड-हनुमंत काढावे, कोणी वडिलांचा जुना फोटो आणून दिला तर त्यावरून मोठी तसबीर करून द्यावी, यावर आमचें पोट. चिटणीस घरीं आले आणि म्हणाले, "तुम्ही चित्रें काढतां, तर चित्राला अर्थ असतो म्हणजे काय असतें, तें मंडळींना सांगा." प्रश्न ऐकून आम्ही गप्पच झालों. कारण हाच प्रश्न आम्हांस एकदां आमच्या आईनें विचारला होता, आणि तेव्हां आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

ती हकीकत आधीं सांगतों, म्हणजे पुढचें बोलणें लागेल. आमचे वडील सुतार होते. नांगर, पाभरी, गाड्यांचीं चाकें, घरांचीं दारें, लेकरांचे पाळणे, असें गांवाचें काम त्यांनीं चाळीस वर्षें केलें. उजव्या हाताच्या तर्जनीचें एक पेर वाकसाखालीं गेलेलें होतें. ते वारले तेव्हां घरांत त्यांची एकही तसबीर नव्हती. मग ती आम्हीं आठवणीनें काढली. गिऱ्हाइकास जशी करून देतों तशीच केली. नक्षीची खुर्ची, अंगांत कोट, डोक्यास जरीचा फेटा, एक हात कोटाच्या खिशांत आणि दुसरा टेबलावरच्या पुस्तकावर. वडिलांस अक्षरओळख नव्हती, हें आपण जाणतांच. चेहरा मात्र हुबेहूब साधला होता. आईला दाखविली. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, त्वांड त्यांचंच हाय. पन ह्यो हात कुनाचा?"

पुस्तकावरचा हात आम्हीं गोंडस काढला होता. पांचही बोटें धड, नखें स्वच्छ. कां काढला? तर मोठ्या माणसांच्या तसबिरींत तसाच असतो म्हणून. आईच्या एका प्रश्नानें आमच्या वीस वर्षांच्या कसबाची किंमत कळली. आपल्याच बापाला आपण चित्रांत बसवूं शकलों नाहीं. त्याच्या जागीं आम्हीं दुसराच कोणी गृहस्थ आणून बसविला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनीं एका स्नेह्यानें आमच्या हातांत एका जर्मन बाईंच्या चित्रांचें पुस्तक ठेविलें. बाईंचें नांव केटे कोल्विट्झ. आज जें सांगावयाचें तें या बाईंविषयीं. त्या परमुलखाच्या खऱ्या, पण त्यांचीं चित्रें उघडलीं तेव्हां आंत कोष्टी होते, नांगरकरी होते, विळे परजणाऱ्या म्हाताऱ्या होत्या, आणि सगळ्यांचे हात ज्याचे त्यालाच होते.

कोल्विट्झबाईंचा जन्म 8 जुलै 1867 रोजीं क्योनिग्सबर्ग शहरीं झाला. तें शहर तेव्हां प्रशिया राज्यांत होतें, आज रशियांत आहे. वडील कायद्याचें शिक्षण घेतलेले, पण सरकारचीं मतें पटेनात म्हणून त्यांनीं ती वाट सोडली आणि गवंडीकाम शिकून घरें बांधूं लागले. आजोबा धर्मोपदेशक होते. राजमान्य चर्चशीं त्यांचें जमलें नाहीं, तेव्हां बाहेर पडून त्यांनीं आपली स्वतंत्र मंडळी काढली. अशा घरांत ही मुलगी वाढली. बापानेंच तिचा हात ओळखला आणि तिला ताम्रपटावर कोरणाऱ्या एका कारागिराकडे शिकावयास घातलें. त्या काळीं मुलींना तेथील सरकारी चित्रशाळेंत घेत नसत.

1891 सालीं त्यांचें लग्न झालें. नवरा कार्ल डॉक्टर होता. बर्लिन शहराच्या मजूरवस्तींत शिंपीकाम करणाऱ्यांच्या आजारफंडाचा तो वैद्य. खालीं दवाखाना आणि त्याच घरांत बाईंचें चित्रांचें काम. बाईंनीं तैलरंगांचा नाद फारसा केला नाहीं. तांब्याच्या पत्र्यावर आम्लानें कोरून छापणें, शिळाछाप, आणि पुढें लाकडी ठसा, हींच त्यांचीं साधनें. यांत कारण आहे. तैलचित्र एकच निघतें आणि तें ज्याच्यापाशीं पैसा त्याच्या दिवाणखान्यांत जातें. ठशावरून मात्र शेंकडों प्रती निघतात, थोडक्या दामांत मिळतात, भिंतींवर चिकटवितां येतात. आपल्याकडचा छिपी एकाच ठशानें किती लुगडीं उठवितो तें आपण पाहतांच.

आतां त्यांचीं चित्रें पाहूं. 1893 सालीं बर्लिनमध्यें हाउप्टमान नांवाच्या लेखकाचें कोष्ट्यांवरील नाटक झालें. बाईंनीं तें पाहिलें. नाटकाचा विषय खरा घडलेला. सायलेशिया प्रांतांत 1844 सालीं घरोघर हातमाग चालत. सूत व्यापाऱ्याचें, माग कोष्ट्याचा, आणि मजुरी व्यापारी ठरवील ती. यंत्राचें कापड बाजारांत आलें तशी व्यापाऱ्यांनीं मजुरी खालीं खालीं आणली. पोरें उपाशीं मरूं लागलीं तेव्हां कोष्टी उठले आणि व्यापाऱ्याच्या वाड्यावर गेले. सरकारनें शिपाई पाठविले. गोळीबारांत अकरा माणसें पडलीं. इचलकरंजीच्या, सोलापूरच्या मागावाल्यास यापुढें अधिक फोड करून सांगावयास नको.

या विषयावर बाईंनीं 1897 पर्यंत सहा चित्रें पुरीं केलीं. पहिल्याचें नांव "गरज". अंधारी खोली, मागें माग उभा, पुढें अंथरुणावर आजारी लेकरूं आणि त्याच्यावर ओणवी झालेली आई. तिनें दोन्ही हातांनीं आपलें डोकें धरलें आहे. दुसऱ्यांत मृत्यु येऊन बसला आहे. तिसऱ्यांत चार गडी मेजाभोंवतीं खालच्या आवाजांत मसलत करीत आहेत. चौथ्यांत लोक निघाले आहेत, आणि त्यांत एक बाई पाठुंगळीस झोपलेलें पोर घेऊन चालली आहे. पांचव्यांत वाड्याचें नक्षीदार लोखंडी फाटक. बायका वाटेवरचे दगड उपटून ओट्यांत भरून देत आहेत. सहाव्यांत पुनः तीच मागाची खोली, आणि दारांतून प्रेतें आंत आणीत आहेत.

बंधूंनो, पहिल्या चित्रांत माग आहे आणि शेवटच्या चित्रांतही माग आहे, एवढ्यावर लक्ष द्या. मधल्या चित्रांत आरडाओरडा झाला, दगड फेकले गेले, पण माणसें फिरून त्याच खोलींत आलीं. बाईंनीं येथें खोटा विजय दाखविला नाहीं. रडगाणेंही गायिलें नाहीं. जें घडलें तें, ज्यांच्यावर घडलें त्यांच्या घरांत बसून दाखविलें. आम्ही पाट्या रंगविणारे. आम्हांस वाटे कीं अर्थ म्हणजे चित्राखालीं लिहिलेलें सुभाषित. या सहा चित्रांनीं समजलें कीं चित्रकार कोणाच्या घरांत बसून पाहतो, तेथून चित्राचा अर्थ सुरू होतो.

1898 सालीं हीं चित्रें बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनांत लागलीं. परीक्षकांत मेंझेल नांवाचे थोर वृद्ध चित्रकार होते. त्यांनीं सुवर्णपदकाची शिफारस केली. बादशहा दुसरा विल्हेल्म यानें ती नाकारली. पुढें 1906 सालीं घरीं बसून उक्तें शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या हलाखीविषयीं प्रदर्शन भरलें. त्याच्या जाहिरातीसाठीं बाईंनीं एका थकलेल्या कामकरणीचा चेहरा काढला. दुसरें कांहीं नाहीं, फक्त चेहरा. बादशहाच्या राणीनें कळविलें कीं तो कागद दृष्टीआड होईतों आपण प्रदर्शनास येणार नाहीं. दारिद्र्य पाहावयास निघालेल्या राणीला दरिद्री बाईचें तोंड पाहवेना! एवढी त्या तोंडांत ताकद होती.

आतां शेतकऱ्यांकडे येऊं. जर्मनींत 1524 व 1525 सालीं शेतकऱ्यांचें मोठें बंड झालें. मार्च 1525 मध्यें मेमिंगेन येथें त्यांच्या पुढाऱ्यांनीं बारा कलमें लिहून काढलीं. आपला धर्मोपदेशक आम्ही निवडूं. आम्हांस कोणाची बटीक समजूं नये. वेठ कमी करा. खंड जमिनीच्या पिकाप्रमाणें ठरवा. रानांतलें लांकूड आणि ओढ्यांतले मासे सर्वांचे असूं द्या. गांवचीं कुरणें जमीनदारांनीं गिळलीं आहेत तीं परत द्या. घरचा कर्ता मेला म्हणजे विधवा-पोरक्यांकडून जो कर उकळतां तो बंद करा. यांत कोणतें कलम आपल्याला परकें वाटतें? राजेरजवाड्यांच्या फौजांनीं तें बंड चिरडलें. मेलेल्यांचा आंकडा लाखाच्या घरांत धरतात.

यावर बाईंनीं 1908 पर्यंत सात चित्रें केलीं. पहिल्यांत दोन माणसें नांगराला जुंपलीं आहेत. छातीवर पट्टे आवळलेले आणि अंगें इतकीं वाकलेलीं कीं तोंड ढेकळांना लागतें कीं काय असें वाटावें. बैल कोठेंच नाहीं. बैलाच्या जागीं माणूस आहे. दुसऱ्यांत भाजीच्या वाफ्यांत तुडवलेल्या रोपांमध्यें एक बाई पडली आहे. तिच्यावर काय गुदरलें तें आमच्या मायबहिणी न सांगतां ओळखतील. कुंपणावरून एक लहान पोर डोकावतें आहे. तिसऱ्यांत एक म्हातारी विळ्याला धार लावते. तोंड पात्याजवळ आणलेलें, डोळे बारीक केलेले. शेतकऱ्याच्या घरांत विळा तर रोजच परजतात. पण हा विळा गवतासाठीं नाहीं हें तिच्या डोळ्यांवरून कळतें. पांचव्या चित्रांत लोक उसळून धांवत आहेत आणि त्यांना चेतविणारी एक बाई पुढें उभी आहे. ती बखरींतली "काळी आना". बाईंनीं तिचें तोंड दाखविलेंच नाहीं. पाठ दाखविली आणि वर उचललेले दोन हात. सहाव्यांत रात्र. रणांत मेलेल्यांमधून एक म्हातारी कंदील घेऊन आपला पोर शोधीत आहे. तिचा राठ हात एका मेलेल्या पोराच्या हनुवटीला लागला आहे. उजेड पडला आहे तो तेवढ्या हातावर आणि त्या तोंडावर. सातव्यांत दोरांनीं बांधलेले कैदी.

आमच्या आईनें विचारलेला प्रश्न या चित्रांपुढें विचारून पाहा. ह्यो हात कुनाचा? प्रत्येक ठिकाणीं उत्तर मिळतें.

आतां बाईंचा एक खरेपणा सांगतों. त्यांना लोक गरिबांची कैवारी म्हणूं लागले. दुसरा कोणी असता तर मान डोलावून गप्प बसला असता. बाईंनीं लिहून ठेविलें कीं, आरंभीं कामकरी माणसांचीं चित्रें मीं दयेपोटीं काढलीं नाहींत. त्यांची हालचाल, त्यांचा घाट मला सुंदर दिसला म्हणून काढलीं. त्यांचीं दुःखें पुढें उमगलीं, नवऱ्याच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायका माझ्यापाशीं येऊन बसूं लागल्या तेव्हां. म्हणजे पाहा, पहिली गोष्ट दया नव्हती. पहिली गोष्ट ही कीं, राबणारें अंग त्यांना सुंदर दिसलें! आपल्याला आपलें स्वतःचें अंग सुंदर दिसत नाहीं. आपण फोटो काढावयास निघालों कीं आधीं हात लपवितों. त्यांना मात्र तीच गोष्ट पाहण्याजोगी वाटली. आमच्या मतें दया दाखविणाऱ्या चित्रापेक्षां असें मान देणारें चित्र अधिक मोलाचें.

पण याच बाईंच्या हातून एक चूक झाली आणि तिनें त्यांचें उरलेलें आयुष्य खाल्लें. ती सांगितल्यावांचून त्यांच्या चित्रांचा अर्थ पुरा होत नाहीं.

त्यांना दोन मुलगे, हान्स आणि पीटर. 1903 सालीं मेलेल्या लेकराला कवटाळून बसलेल्या आईचें चित्र बाई काढीत होत्या. नमुन्यास कोणी नव्हतें. म्हणून धाकट्या पीटरला मांडीवर घेऊन त्या आरशासमोर बसल्या. तो सात वर्षांचा. वजनानें आणि ताणानें बाई कण्हूं लागल्या, तेव्हां तें पोर वर पाहून आईचीच समजूत घालूं लागलें कीं उगी राहा, चित्र छान होईल. पुढें अकरा वर्षांनीं, 1914 च्या ऑगस्टांत, पहिलें महायुद्ध लागलें. देशांत वारें शिरलें होतें. अठरा वर्षांचा पीटर स्वखुषीनें फौजेंत जावयास निघाला. कायद्यानें बापाची परवानगी लागे. बाप नको म्हणत होता. पोरानें आईकडे पाहिलें, आणि आईनें नवऱ्याची मनधरणी करून ती परवानगी मिळवून दिली. ऑक्टोबर महिन्यांत बेल्जमच्या रणांत पीटर पडला.

मायबहिणींनो, यावर आम्ही काय बोलावें? बाईंनीं दुसऱ्या कोणाला दोष दिला असता तर तोही खराच होता. ज्यांनीं युद्ध पेटविलें त्यांचा दोष होताच. पण बाईंनीं आपला वांटा आपल्या पदरीं घेतला. पोराचें स्मारक करावयाचें मनांत धरलें. तें करीत, मोडीत, पुनः करीत अठरा वर्षें गेलीं. मधल्या काळांत, 1918 च्या ऑक्टोबरांत, एका नांवाजलेल्या कवीनें उरल्यासुरल्या पोरांनींही रणांत जावें असें आवाहन केलें, तेव्हां बाईंनीं वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहून त्याला विरोध केला. 1921-22 सालीं युद्धावर सात लाकडी ठसे कोरले. त्यांत तोफ नाहीं, शिपायांची चकमक नाहीं. आहेत त्या आया, विधवा, आणि एकमेकांत तोंड खुपसून बसलेले आईबाप. आयांच्या एका ठशांत बायका दाटीनें उभ्या राहून पोरांना मध्यें घेतात, जसा गाईंचा कळप लांडगा आला म्हणजे वासरें मध्यें घेतो.

अखेर 1932 सालीं बेल्जममध्यें पीटर पुरला होता त्या दफनभूमींत दोन दगडी पुतळे बसले. गुडघे टेकलेला बाप आणि गुडघे टेकलेली आई, वेगवेगळ्या दगडांवर. बाप ताठ, हात छातीशीं आवळलेले. आई वाकलेली. चेहरे कार्लचे आणि बाईंचे स्वतःचे. त्यांत मुलाचा पुतळा नाहीं. पुढें तेथल्या कबरी फ्लाडस्लो गांवीं हलविल्या, तेव्हां पुतळेही तिकडे गेले. आजही तेथें आहेत. आईबाप लेकापुढें गुडघे टेकून आहेत, याचा अर्थ कोणीं सांगावयास हवा काय?

1933 सालीं हिटलरचें राज्य आलें आणि कलांच्या सरकारी अकादमींतून बाईंना बाहेर पडावें लागलें. 1919 सालीं तेथें निवडलेली पहिली स्त्री त्याच होत्या. पुढें त्यांचीं चित्रें प्रदर्शनांतून उतरविलीं गेलीं. 1940 सालीं कार्ल वारला. दुसरें महायुद्ध पेटलें होतें. 1941-42 च्या हिवाळ्यांत, पंचाहत्तरीला टेकलेल्या या बाईंनीं शेवटची शिळाछाप काढली. एक म्हातारी आपले दोन्ही हात पंखांसारखे पसरून तीन पोरांना पदराखालीं दाबून धरते आहे. पोरें खट्याळ, बाहेर डोकावतात, त्यांना पळून जावयाचें आहे. म्हातारीचे हात त्यांना सोडीत नाहींत. चित्राचें नांव "बियाणें दळूं नये". शेतकऱ्याला हें शिकविण्याची गरज नाहीं. दुष्काळांत घर उपाशीं निजेल, पण कणगींतल्या बियाण्याला हात लावणार नाहीं. ज्या आईनें एकदां आपला हात सैल सोडला, तिनें अठ्ठावीस वर्षांनीं तो हात घट्ट मिटलेला काढला. त्याच 1942 सालीं त्यांचा नातू रशियाच्या रणांत पडला. त्याचेंही नांव पीटर. 22 एप्रिल 1945 रोजीं बाई वारल्या. युरोपांतलें युद्ध संपावयास तेव्हां सोळा दिवस उरले होते.

हीं चित्रें पुढें दूरवर गेलीं. चीनचे थोर लेखक लू शुन यांनीं 1936 सालीं त्यांच्या निवडक चित्रांचा संग्रह आपल्या देशांत छापून काढला. बंगालचे सोमनाथ होर यांनींही या बाईंपासून स्फूर्ति घेतली. ठसा कागदावर उठला कीं त्याला भाषेची अडचण राहत नाहीं.

आतां आमचें तात्पर्य सांगून पुरें करतों. यापुढें कोठेंही चित्र पाहाल, देवळांत, कचेरींत, निवडणुकीच्या फलकावर, बियाण्याच्या जाहिरातीवर, तेव्हां तीन गोष्टी विचारा. यांत कोण बसला आहे? त्याचे हात खरे आहेत काय? आणि हें काढणाऱ्यानें कोणाच्या घरांत बसून काढलें? जाहिरातींतला शेतकरी नेहमीं हंसत असतो आणि त्याच्या धोतराला चिखल नसतो. त्याला राम राम करा आणि पुढें चला. तुमची पोर कोळशानें भिंतीवर आजीचें चित्र काढील, आजीच्या हाताला सहा बोटें येतील, पण हातांत खुरपें असेल. त्या पोरीला भिंत खराब केली म्हणून मारूं नका. आमच्या वीस वर्षांच्या कसबाला जें साधलें नाहीं तें तिला साधलें आहे.

आमच्या वडिलांच्या तसबिरीचें काय झालें, तें अजून सांगावयाचें राहिलें. ती आम्हीं फाडली नाहीं. उलटी करून भिंतीला लावली आणि त्याच चौकटीच्या पाठीमागें दुसरी काढली. आढ्याखालीं बसलेले वडील, पायाच्या अंगठ्यानें लांकूड दाबलेलें, दोन्ही हातांत रंधा. तर्जनीचें पेर नाहीं. चेहरा पहिल्याइतका साधला नाहीं. मान खालीं आहे, त्यामुळें तोंड अर्धेंच दिसतें. आईला दाखविली. तिनें पदरानें हात पुसला आणि त्या तुटक्या बोटावर आपलें बोट ठेविलें. कांहीं बोलली नाहीं. जरा वेळानें उठून चुलीकडे गेली.